अण्णाचे भोपळे

माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे अण्णाने, एकदा आमच्या ग्रामदेवाच्या पालखीला वाळका भोपळा बांधला होता.

कोळवणच्या जत्रेत वैशाखात देवाला नदीवर आंघोळीला नेतात. नदीला त्या दिवसांत पाणी ते किती, घोटा भिजला तरी नशीब. पण अण्णा भोपळा घेऊन पालखीला आडवा. कमरेला वाळके भोपळे बांधून पोरं पोहायला शिकतात, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. देवाला भोपळा म्हटल्यावर मात्र गुरव चिडला.

"आण्णा, द्येवाला भोपळा बांदत्यात व्हय?"

"द्येव पितळंचा हाय. बुडाला तर वर यील का? आदी जीव, मग जत्रा."

त्या वर्षी देव भोपळ्यासकट न्हाऊन आला.

मी लग्न होऊन पुण्याला गेलेली. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिन्ही पोरं घेऊन कोळवणला यायची. एस.टी.तून उतरलो की अण्णा आधी पोरांचे हातपाय चाचपून बघायचा, मग माझी चौकशी. झोपाळा त्याने इतका खाली बांधलेला की बसणाऱ्याची चड्डी जमिनीला घासायची. जत्रेतलं दारूकाम बघायचं तर ओली गोधडी पांघरून. पोरं शिंकत शिंकत बाण मोजायची. बैलगाडीत बसायला पूर्ण मुभा होती, फक्त बैल गोठ्यात असायचे. पोरं गाडीत बसून घसा बसेपर्यंत "हुर्रर्र" करायची आणि जिथे चढली तिथेच उतरायची.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याला आवरणारं घरात कुणीच नव्हतं.

एका सुट्टीत माझ्या मोहनने जाहीर केलं, "आई, पुढच्या वर्षी आम्ही मामाकडे येणार नाही. काकांकडे जाऊ. तिथे निदान पडता तरी येतं."

धाकट्या दोघांनीही माना डोलावल्या. मी परसात गेले. अण्णा पुढच्या सालासाठी भोपळे वाळत घालत होता.

"अण्णा, पोरं कंटाळलीत रे. पुढच्या वर्षी यायचं नाही म्हणतात. जरा मोकळं सोड त्यांना."

अण्णाने हातातला भोपळा खाली ठेवला.

"शांतीचं पोरगं ठावं हाय न्हवं तुला?" शांता आमची मधली बहीण. "जत्रंत गाडीवरनं पडलं, हात मोडला. हात जुळला गं त्येचा. पर शांतीनं तवापासनं पोरं धाडली न्हाईत. आता तुजीबी न्हाई आली, तर ह्या घरात मी कुनाशी बोलू? वरीसभर मी ह्याच म्हैन्याची वाट बगतुया, सुमे."

मी त्याच्याशेजारी बसून भोपळे उलटायला लागले.

दुसऱ्या दिवशी अण्णाने खरोखर बैल जुंपले. स्वतः पुढे उभा राहून, कासरा धरून, उलटा चालत तो बैलांना ओढायला लागला. मागून येणारी एक म्हातारी शेळ्यांसकट गाडीच्या पुढे निघून गेली. मोहनला ते सोसवेना. त्याने गाडीतून उडी टाकली आणि गुडघ्यांवर आपटला.

अण्णाने बैल वाटेत तसेच सोडले. पोराला उचलून धावत घरी आणलं, चुलीजवळच्या डब्यातून मूठभर हळद घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सुमे," एवढंच म्हणाला.

मी मोहनचा गुडघा पाहिला. बोटभर खरचटलं होतं. मोहन तर खुशीत होता.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "अण्णा, पुढच्या वर्षी परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी पोरं धाडते. आणि शांताला मी सांगते. तिचीही येतील."

अण्णाने हळदीच्याच हाताने डोळे पुसले, आणि मग चुरचुरायला लागलं म्हणून रांजणाकडे पळाला.