काट्यावरचे नाना

आमचे शेजारी काशीनाथनाना समोर दिसेल ती वस्तू उचलून बघतात. विकत घ्यायची नसते, हलवायची नसते. नुसती उचलायची, डोळे मिटून जरा वेळ धरायची, वजन सांगायचं आणि परत जागेवर ठेवायची. आमच्या दारात गॅसचा सिलिंडर उतरला की माझ्याआधी नाना हजर. वाण्याकडचं तांदळाचं पोतं, पाण्याचा जार, शेजारच्यांचा गुटगुटीत नातू, काही सुटत नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा पेणला आल्या, तेव्हा नाना त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती ओळखून मी घाईघाईनं मध्ये उभा राहिलो.

नानांची सगळी नोकरी डोलवीकडच्या एका कंपनीत, ट्रकांच्या वजनकाट्यावर गेली. गाडी रिकामी किती, भरून किती, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. माणसांनाही तोच न्याय. मी शाळेतून येताना दिसलो की ओट्यावरून विचारतात, "मास्तर, रिकामे की भरलेले?" जेवलात का, असा त्याचा अर्थ. पूर्वी ते नुसत्या नजरेनं वजन सांगत. प्रत्यक्ष उचलायला लागले ते अलीकडे. निवृत्त माणसाचा काटा सुटला, सवय सुटली नाही, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. घरात त्यांच्या पत्नी मंदाकाकी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं नानाच बघत. त्यामुळे या छंदावरून त्यांना कोणी फार बोलत नसे.

गणपतीच्या आधी मात्र त्यांना आवरणं कठीण व्हायचं. आमच्याकडे गल्लोगल्ली मूर्तींचे कारखाने. "घेत नाय रे, वजन बघतो फक्त," म्हणत नाना आत शिरत आणि हातातले ब्रश टाकून कारागीर त्यांच्यामागे धावत. एकदा त्यांनी चांगली मोठी बैठी मूर्ती छातीशी धरून उचलली. उचलली खरी, पण खाली ठेवता येईना. दोघा कारागिरांनी मिळून नाना आणि गणपती वेगळे केले. त्या संध्याकाळी नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, मला जिममधी जायचं हाय."

मी हसलो नाही. वर्गात हसू दाबायची सवय अशी कामाला येते. "या वयात जिम कशाला, नाना?" एवढंच विचारलं.

"तब्येत," नाना म्हणाले.

पण जिमची त्यांना भयंकर भीती. पिशवीत नवे बूट आणि टॉवेल घेऊन ते रोज बाजारातल्या जिमच्या जिन्यापर्यंत जात. वर लोखंड आपटल्याचा आवाज झाला की तळमजल्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरत आणि खिळे घेऊन घरी येत. अख्ख्या आळीला पुरतील एवढे खिळे जमले तरी जिना काही चढून होईना. "चारी बाजूंनी आरसे हायत, मास्तर," ते म्हणाले. "एक म्हातारा थरथरला तर चालंल. तिथं धा दिसतील."

मग त्यांनीच तोडगा काढला. रोह्याला जायचं. तिथं त्यांना ओळखणारे फक्त व्याही, आणि व्याही काही जिममध्ये जाणाऱ्यातले नव्हेत, असा नानांचा अंदाज. सकाळची गाडी पकडली. रोह्याला उतरले, विचारत विचारत गेले, जिना चढले, दार ढकललं. समोर ट्रेडमिलवर अर्ध्या चड्डीत व्याही चालत होते.

दोघंही लाजले. व्याह्यांनी ट्रेडमिल थांबवत विचारलं, "नाना, तुम्ही इकडं कुठं?"

"पापड द्यायला आलो होतो," नाना म्हणाले. पिशवीत बूट होते. "खाली ठेवलेत, आणतो," असं सांगून ते उतरले आणि पापडांसाठी नावाजलेल्या पेणच्या माणसानं रोह्याच्या बाजारात पापड विकत घेतले. पापड पेणचेच निघाले, एवढंच काय ते समाधान.

त्यानंतर मीच म्हटलं, "चला, मी येतो बरोबर." मला जिमची हौस नव्हती, पण पोट होतं.

ट्रेनर संकेत माझाच जुना विद्यार्थी. त्यानं जमिनीवर एक दांडी ठेवली, दोन्हीकडे बेताची वजनं लावली. "कंबर वाकवायची नाय नाना, गुडघ्यातून उठायचं." नाना वाकले. हात थरथरायला लागले आणि आरशांतले सगळे नानाही थरथरायला लागले. पोरं आपापला व्यायाम थांबवून बघत होती. नाना सरळ झाले, दाराकडे बघितलं. मला वाटलं, निघाले खिळे आणायला.

पण ते पुन्हा वाकले, डोळे मिटले आणि पुटपुटले, "गणपती बाप्पा..."

आता हे शब्द ऐकल्यावर पेणचा माणूस विचार करून उत्तर देत नाही, ते आपोआप निघतं. त्यातून ही पोरं कारखान्यांतल्या मूर्ती ट्रकात चढवून मोठी झालेली. त्या गजराशिवाय आमच्याकडे मूर्ती जागची हलत नाही. जो जिथं होता तिथून "मोरया" ओरडला. संकेत ओरडला, मीही ओरडलो. दांडी उचलली गेली होती. नाना उभे होते, हसत होते, आणि आता आरशांकडे बघायला त्यांना काहीच वाटत नव्हतं. तेव्हापासून त्या जिममध्ये कोणी जड वजनाला हात घातला की पोरं आधी नानांकडे बघतात.

पुढे काही महिन्यांनी एका संध्याकाळी नानांनी मला हाक मारली. "मास्तर, नुसते उभे ऱ्हावा. हात लावायचा नाय."

काकींना ओट्यावर बसायची फार आवड. आजारपणानंतर सुरुवातीला आम्ही शेजारी त्यांना उचलून बाहेर आणत असू. पण परक्या पुरुषांनी उचलायचं म्हटल्यावर त्या पदरानं तोंड झाकून घेत. पुढे पुढे त्यांनी बाहेर न्या म्हणून खूण करणंच सोडलं. हे मला ठाऊक होतं, फक्त सिलिंडर, पोती आणि त्या बैठ्या मूर्तीशी मी ते कधी जोडलं नव्हतं.

नाना खाटेशी वाकले. एक हात काकींच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. "उचलतो गो," म्हणाले. काकींनी डोळे घट्ट मिटले.

"गणपती बाप्पा..."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. त्याआधी काकींच्या वाकड्या झालेल्या ओठांतून अडखळत, पण स्पष्ट आलं, "मो...रया."

नानांनी त्यांना ओट्यावरच्या खुर्चीत अलगद बसवलं. काकी रस्त्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वजन किती भरलं, नाना?"

"बघायचं ऱ्हायलं," नाना म्हणाले आणि काकींचा पदर सारखा करू लागले.