डोंगर लिहून देणारे खंदारे सर

आमच्या झरीत कुठलंही दुखणं घेऊन खंदारे सरांकडे जा, ते डोंगर लिहून देतात.

माझा गुडघा धरला तेव्हा त्यांनी मला वाचनालयाच्या पायरीवर गाठलं. मी लंगडत कुलूप लावत होतो.

"ग्रंथपाल, तुमी सातपुड्यात जा."

"गुडघा दुखतोय म्हणून डोंगर चढू?"

"चढ कुठं हाय? धडगावपर्यंत गाडी चढती. पुढं पाड्यापर्यंत समदा उतार."

"आणि येताना?"

"येताना गुडघा नीट झालेला असतोय."

खंदारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्याला सात वर्षं झाली. विहाराशेजारच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांची पहिली नेमणूक पार नंदुरबारकडे, धडगावच्याही पुढच्या एका पाड्यावर झाली होती. चार वर्षांनी बदली होऊन ते इकडे आले, पण दरवर्षी होळीला तिकडे जायचे थांबले नाहीत. जातात एकटे, येतात एकटे. आणि होळीला महिना राहिला की अख्ख्या गावाला "चला" म्हणत फिरतात. ज्या गावात उंच म्हणावी अशी एकच जागा आहे, पाण्याची टाकी, त्या गावाला डोंगराचं वेड लावणं सोपं नाही.

मला सुरुवातीला वाटायचं की सरांना पर्यटनाचा नाद असावा. तसं नव्हतं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने महाबळेश्वरला नेतो म्हटलं, तर ते आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "तिथं काय करू? पॉइंट बघू?" एवढंच म्हणाले. मग वाटलं, लोककलांचा अभ्यास असेल. मी त्यांना आदिवासी परंपरांवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. "फोटो चांगले हायत. माणसं कमी हायत," असा अभिप्राय मिळाला.

मोठा घोटाळा हा, की प्रत्येकाला ते जायचं वेगळंच कारण सांगायचे. जेसीबीवाल्या मुंजाजीला त्यांनी सांगितलं की तिथे होळीचा खड्डा हातांनी उकरतात. फावडं चालत नाही, टिकाव चालत नाही.

"मग मी तिथं येऊन काय करू, सर?" मुंजाजीने विचारलं.

"बघा की. तुमच्याबिगर बी खड्डा व्हतो."

हॉटेलवाल्या नामदेवला सांगितलं, नवस केलेली माणसं तिथे पाच दिवस अंघोळ करत नाहीत, खाटेवर निजत नाहीत, अंगाला राख फासून, कमरेला भोपळे बांधून नाचतात. त्यावर भज्यांच्या कढईमागून नामदेवची बायको म्हणाली, "अंघोळ न करण्यासाठी यांना एवढं लांब जायची जरूरत न्हाई."

सरपंचांना म्हणाले, तिथे माइक नसतो, स्टेज नसतं, हार नाही, शाल नाही. हे आमंत्रण आहे की टोमणा, हे सरपंचांना अजून कळलेलं नाही. मला मात्र ते कारण पटलं. मी गेल्या वर्षभरात इतके सत्कार पाहिलेत की नारळ दिसला तरी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

वस्तीतल्या पोरांनी सरांना अडवलं. "सर, आपण होळी सोडलेली हाय. तुमीच आमाला शिकवलं."

"सोडली ती ही न्हवं. तिथं पोथी न्हाई, पुरोहित न्हाई. बांबू हाय, ढोल हाय, आन् माणसं हायत. याच्यात सोडण्यासारखं काय हाय ते मला दाखवा."

पोरं गोंधळून गेली. गोंधळवून टाकणं ही सरांची जुनीच पद्धत. वर्गात म्हणे ते आधी उत्तर सांगायचे आणि मुलांना प्रश्न काढायला लावायचे.

एकदा नामदेवच्या हॉटेलात सगळी कारणं एकमेकांना भेटली.

"सर, तुमी मला म्हणले तिथं मोबाइलला रेंज न्हाई, डोकं शांत ऱ्हातं," मुंजाजी म्हणाला. "आन् ह्या नामदेवला म्हणले व्हिडिओ काढायला लय भारी जागा हाय. खरं काय?"

"दोन्ही. रेंज नसल्यावरच व्हिडिओ काढायला फुरसत भेटती."

"मला म्हणले थंडी असती, ह्या मुंजाजीला म्हणले ऊन," नामदेव म्हणाला.

"थंडी सकाळी, ऊन दुपारी. तुमी दोघं एकाच टायमाला जाणार हाव का?"

सगळे हसले. सरही हसले. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "यंदा तरी चला राव. डॉक्टरनं पुढच्या सालापासून घाट बंद सांगितलाय." त्यांच्या छातीत गेल्या पावसाळ्यात स्प्रिंग बसवली होती, हे आम्हाला माहीत होतं. त्या भरात नऊ जणांनी हो म्हणून टाकलं. मीही त्यात होतो.

एका माणसाला नऊ माणसं कशासाठी हवीत, हे मला कळेना. एखादा सोबतीला हवा असेल तर समजू शकतो. तब्येतीचं कारण म्हणावं तर नवव्या माणसाचा उपयोग काय? मी दोनदा विचारलं. एकदा म्हणाले, "हवा चांगली हाय." दुसऱ्यांदा म्हणाले, "ज्वारीची भाकर लय ग्वाड लागती." ज्वारी आमच्या शिवारातही पिकते.

निघायच्या दिवशी पहाटे मी स्टँडवर गेलो तेव्हा सर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. मुंजाजीला काम लागलं होतं, नामदेवकडे पाहुणे आले होते, सरपंचांना मुंबईहून बोलावणं होतं. बाकीच्यांनी फोन बंद ठेवले होते. बस आली तरी सर रस्त्याकडे बघत राहिले. कंडक्टर म्हणाला, "मालक, चढा की." मग चढले.

मी का गेलो, हे मला नीट सांगता येणार नाही. इस्त्रीचा सदरा बघून परत फिरणं जमलं नाही, एवढंच.

छत्रपती संभाजीनगर, धुळे, शहादा. सरांनी वाटेत एकही कारण सांगितलं नाही. शहाद्याच्या लॉजवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही घाटाच्या गाडीत बसलो. गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा मी म्हणालो, "सर, आता मी काही उतरून पळत नाही. खरं काय ते सांगा."

त्यांनी खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाले, "तिथं होळीला सुटा माणूस येत न्हाई, ग्रंथपाल. गाव येतंय. आपापला ढोल घेऊन, नाचत, एक एक गाव डोंगर उतरतंय. पाड्याचा कारभारी सामोरा जातो, इचारतो, कोणतं गाव? आन् त्या गावाला जागा देतो. बदली झाल्यावर पहिल्यांदा गेलो तवा मला बी इचारलं. मी म्हणलं, झरी. तो माझ्या मागं बघाय लागला. म्हणलं, पुढल्या साली आणतो."

"आणि मग?"

"दरसाल तेच म्हणायलोय. तो कारभारी म्हातारा झाला, पण इचारायचं सोडत न्हाई. मला दुसऱ्या कुठल्या तरी गावात मिसळून उभं करतो."

"हे झरीत सांगितलं असतंत तर आले असते लोक."

सर माझ्याकडे बघून हसले. मास्तर चुकलेल्या मुलाकडे बघून हसतो तसे. "काय सांगू? गावानं माझ्या मागं चालावं म्हणू? आमच्या बापजाद्यांनी गावाच्या मागं चालायचं, ते बी लांबून. मला तोंड झालं न्हाई. म्हणून हवा, भाकर, असलं कायबी सांगत गेलो."

धडगावला उतरून आम्ही जीप धरली.

जीपने आम्हाला डोंगराच्या माथ्यावर सोडलं. दुपार कलली होती. खाली माळावर होळीत उभा करायचा लांबलचक बांबू आडवा ठेवला होता आणि चारी बाजूंच्या उतारांवरून गावं उतरत होती. मोरपिसांचे टोप, घुंगरं, ढोल. मी उत्सवांकडे नाक मुरडणारा माणूस. त्या वेळी नाक मुरडायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

सरांनी सदरा सारखा केला आणि उतरायला लागले. दहा पावलांवर थांबून मागे वळले.

"ग्रंथपाल, जरा लांब लांब चाला."

"का?"

"जास्त वाटतील."

मी लांब चाललो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. गुडघा ठणकत होता, पण एका गावाचं काम एकट्याने करायचं म्हटल्यावर तक्रार करता येत नाही.

खाली कारभारी सामोरा आला. सुरकुतलेला, कमरेला एक घंटा बांधलेली. त्याने सरांचे दोन्ही हात धरले आणि तिकडच्या बोलीत काहीतरी विचारलं. "झरी," सर म्हणाले. म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग माझ्या मागचा रिकामा उतार पाहिला. आता त्याने मराठीत विचारलं, थेट मलाच, "बाकीचे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

सभांत पुढाऱ्यांच्या थापा मोजणं हा माझा आयुष्यभराचा विरंगुळा; आज एक मीच मारली. मी म्हणालो, "यायलेत मागून. वय झालंय, हळू चालतात."

म्हाताऱ्याने मान डोलावली. दोन मोठ्या गावांच्या मध्ये, ढोलवाल्यांना मागे सरकवून, त्याने काठीने मातीत रेघ ओढली. तीसेक माणसं सहज मावतील एवढी जागा होती. नाचणारे आले आणि गेले, गर्दी वाढत राहिली, धक्काबुक्की झाली, पण त्या रेघेच्या आत कोणी पाय टाकला नाही.

सर त्या जागेच्या एका टोकाला ताठ उभे राहिले. मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.