मामाच्या आहेराचा बाक

भाचीला असा आहेर देणार की तिच्या सासरी दारव्ह्यात दहा वर्षं नाव निघेल, असं अतुलमामा बाभुळगावात घरोघरी सांगत सुटले होते. आणि आहेर आणला तोही जगावेगळा! दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या वितळवून केलेला हिरवागार बाक.

"लाकडाचा नाही भेटला काय?" साधनामामींनी विचारलं.

"तुले नाही समजत. हा मोडला तं कंपनी घरून परत नेते. ज्यानं बनवला त्याची जबाबदारी! सुतार येते का परत न्याले?"

माणूस भला, हेतू त्याहून भला. पण आमच्याकडे लग्न लागायच्या आधीच आहेर माइकवरून पुकारतात, आणि या आहेराचं वर्णन आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, असं मामांना वाटलं!

"दिपालीला मामाकडून बाक! शंभर टक्के कचऱ्यापासून बनवलेला! खराब झाला तर परत नेण्याची हमी!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेत बातमी होती, मामानं कचऱ्यातला बाक दिला. मधल्या रांगेत, आंदण परत नेणार आहेत. आचाऱ्यापर्यंत पोचली तेव्हा 'पोरगीच परत नेऊन राह्यले' अशी झाली आणि त्यानं बुंदी पाडायची थांबवली!

नवरदेवाचे वडील उकंडराव तरातरा आले. "शुभकार्यात कचऱ्यातली वस्तू? आधी हे ध्यान बाहेर काढा, नाही तं माझा पोरगा बोहल्यावर चढत नाही!"

दिपालीचे डोळे भरून आले. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. जिला कडेवर खेळवलं, तिचं लग्न आपल्याच जिभेनं मोडायला निघालं होतं. ते धावत बाक उचलायला गेले, पण तो जागचा हलेना. त्यावर नवरदेवाची आजी, शकुबाई, मांडी घालून बसली होती.

"माय, ऊठ तिथून! कचऱ्यातला हाय तो," उकंडराव म्हणाले.

"अन् तू कुठचा व्हय रे?" शकुबाई कडाडली. "तुयाआधीचे दोन लेकरं हाती नाही लागले. म्हणून तुले सुपात घालून उकंड्यावर, गावच्या केरकचऱ्यात ठेवलं. शेजारणीनं उचललं, अन् पायलीभर जवारी देऊन म्या तुले परत घेतलं. तवाच तं जगला! नाव उगाच पडलं काय? उकंड्यावरून आणलेला माणूस आज फेटा बांधून फिरून राह्यला, मंग या बाकानं कोणतं पाप केलं?"

मांडवात हशा पिकला. उकंडरावांनी फेटा सावरला. "पण माय, लोक काय म्हणतीन..."

"लोकाईचं सोड. ज्यानं बनवला त्यानं खराब माल परत न्यावा, असंच म्हणते ना हा मामा? मंग या वयात मलेच तुले उचलून घरी न्यावं लागन! नेऊ का?"

उकंडरावांनी पोराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, हसून हसून डोळे पुसणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग भटजींना हातानंच खूण केली, बाकाजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"थोडी सरक, माय."