सरकारी तळ्यातील मत्स्यमुजऱ्याची हकीकत

श्री जलशायी प्रसन्न. पाण्यास जो श्वास देतो आणि श्वासावर जो देह तोलून धरितो, त्याचे चरणी मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला.

"मथे, मेलेला मासा पाण्यात ठेवू नको गं बाई. हातात घे, कल्ला उघड, नीट बघ. लाल असला तर म्हातारा हून गेला, हात जोड. पांढरा असला तर उवांनी रगत पिलं, बाकीच्यांना मिठाच्या पाण्यातनं काढ. आन् तपकिरी असला, चिखलावानी, तर मासा न्हाई मेला, पाणी मेलं. त्या दिवशी कुणाला इचारत बसू नको. पाटाची फळी उचल. आन् हे बघितल्याबिगर तोंडात घास घालू नको. ठेव माझ्या हातावर हात." ऐसे वचन सरकारी तळे राखणाऱ्या आत्याबाई भोईण यांनी अंतकाळी आपली सून मथूबाई इजपासून घेतले, आणि मथूबाईने हातावर हात ठेविला, आणि मग म्हातारी शांत जाहली. त्या दिवसापासून मथूबाईचा नेम चालिला. पहाटे स्नान करावे, ओलेत्याने तळ्यास जावे, रात्रीतून मेलेले मासे जाळीने काढावे, एकेकाचा कल्ला पाहावा, मग खड्ड्यात पुरून वर तुळशीचे पान ठेवावे, आणि मग घरी येऊन भाकरी खावी. ज्या दिवशी एकही मेला नसे त्या दिवशी तळ्यास पूर्ण फेरी घालून पाण्यास नमस्कार करावा, ऐसा रिवाज.

शके सत्राशे बारा, साधारण नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्यात किल्ल्याच्या पायथ्याशी सरकारी तळे, त्यात रोहू आणि कटले पोसलेले, मुदपाकखान्यास मासा तेथून जाई आणि खालच्या पेठांची चूलही त्यावरच पेटे. नदीचा पाट तळ्यात उतरत असे, त्याच्या तोंडास सागवानी फळी, ती उचलिली म्हणजे ताजे पाणी आत येई, टाकिली म्हणजे बंद. त्या वर्षी आभाळ भरून राहिले आणि वळीव पडेना, वारा पडला, पाटाची धार रोडावली, पाणी हिरवेगार जाहले, आणि एके पहाटे मथूबाई काठावर आली तो काय देखिले, की अवघ्या तळ्यावर तोंडेच तोंडे. हजारो मासे डोकी वर करून उभे, वाटोळी तोंडे एकदम उघडतात, एकदम मिटतात, आणि आवाज म्हणून नाही. आत्याबाईंच्या हयातीत पाट सदा भरून वाहता असे, म्हणून हा देखावा त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि सुनेस सांगितला नव्हता. मग मथूबाईच्या मनात आले की हे जीव नामस्मरण करीत आहेत, आणि तिचे डोळे भरून आले, आणि तिने कनवटीची माळ काढून काठावर बसून त्यांच्या तोंडासरशी एकेक मणी ओढिला. ऊन चढले तेव्हा मासे खाली गेले. मेलेला एकच सापडला, त्याचा कल्ला लाल. तिने हात जोडिले.

ही गोष्ट तिने भोळेपणे पहाऱ्यावरील धोंडजी नाईकास सांगितली, आणि नाईकाने कारभारी निळोपंत यांस सांगितली, आणि निळोपंत यांनी सरकारांस सांगितली ती अशी की, "स्वामी, जळचरे स्वामींस मुजरा करितात." मग सरकारस्वारी पहाटे तळ्यावर आली, मासे वर आले, तोंडे उघडू मिटू लागली. सरकार संतोष पावले. मथूबाईस जवळ बोलावून विचारिते जाहले, "काय गं बाई, हे मुजराच करितात ना?"

"मला तर देवाचं नाव घेत्यात असं वाटलं, महाराज."

निळोपंत हसोन बोलिले, "देव काय आणि स्वामी काय! भक्ती पावली ना एकदाची? मग मुजराच."

मग आज्ञा जाहली की मुजरा घेण्यास मंडप बांधावा. जागा पाहता पाटाचे तोंड तेवढे उंच आणि समोर अवघे तळे दिसे, म्हणून तेथेच खांब रोविले, फळी टाकून पाट बंद केला, वर लाकडी चौथरा केला आणि गादी घातली. मथूबाई पदर सावरून बोलिली, "कारभारीसाहेब, खाली पाट हाय."

"ठाऊक आहे. पाट वाहतो तेव्हा खळखळतो. मुजऱ्याच्या वेळी कोणी खळखळते काय?"

"पण पाणी..."

"पाण्यास काय जाहले? आहे ना तळ्यात मोप! जा, तुझे नेमधर्म कर."

मंडप उभा राहिला आणि मुजरा वाढला. मासे आधी पहाटेस येत ते उन्हे चढली तरी खाली जाईनात, मग दिवेलागणीसही येऊ लागले, आणि निष्ठा कैसी वाढली म्हणून दरबारात साखर वाटिली. मेलेले मासेही वाढले. तोंडे आ वासलेली, कल्ले पंख्यासारखे ताठ. तेव्हा हुकूम निघाला की मुजऱ्यात जो देह ठेवील तो सेवेत कामास आला, त्यास हलक्या माणसाने शिवू नये, हुजऱ्यांनी जरीच्या टोपलीत घालून न्यावा. मथूबाई घाबरी होऊन उपाध्यांकडे गेली की माझ्या नेमाचे काय करू. उपाध्ये कनवाळू होते. म्हणाले, "पाहण्याऐवजी एक फूल सोड, आणि जेव. देव काय उपाशी ठेवितो?" मग ती रोज एक फूल सोडी आणि घरी येऊन भाकरी मोडी. पण घास तोंडात गेला की जिभेला बुळबुळीत लागे, शेवाळासारखा, आणि ती पाण्याबरोबर तो गिळी, आणि मोठ्यांनी सांगितले ते बरोबरच असेल ऐसे मनास समजावी.

मग विपरीत घडले. एके दिवशी सरकारांनी मुजऱ्याचा जबाब म्हणून आपलेही तोंड उघडून मिटले. ते पाहून निळोपंतांनी उघडले. मग मानकऱ्यांनी, मग शिलेदारांनी. दोन चार रोजांत दरबारची चाल ऐसी पडली की कोणी बोलेनासे जाहले. फिर्यादी येत, तोंड उघडीत, मिटीत, परत जात. पेठेत भाजीवाल्या बायका एकमेकींकडे पाहून तोंडे उघडू लागल्या. पाळण्यातली पोरे आयांची तोंडे पाहून तसेच करीत आणि रडत नसत. अवघे नगर शांत जाहले, आणि लोक म्हणेनात पण मनात समजले की राज्यात केवढी शांतता आहे.

धोंडजी नाईक पहाऱ्यावर भेटला. त्याला अजून शब्द फुटत होते. "मथूवहिनी, तुम्ही तोंड उघडत न्हाई. डोळ्यावर याल बरं."

"मला जमत न्हाई, भाऊजी."

"जमवायचं. माझी पोरगी चिंगीसुद्धा शिकली. आता हाक मारली की नुसती आ करती, ओ म्हणून देत न्हाई. लई गुणाची झाली!" ऐसे बोलून तो हसू लागला, आणि हसता हसता मधेच आवाज गेला आणि नुसतेच तोंड उघडे राहिले, मिटले, उघडले. डोळे मात्र भ्यालेले होते. मथूबाई तेथून मागे सरली ती पायऱ्यांशी आली आणि गुडघाभर पाण्यात उतरली, तो एक मोठा रोहू तिच्या पायाशी आला. त्याच्या पाठीचा पंख फाटका, तो लहान होता तेव्हापासून ती त्यास ओळखे, तिच्या हातातला कोंडा तो पहिल्याने खाई. त्याने तोंड वर केले. मथूबाई वाकली, कान पाण्यापाशी नेला, नाम ऐकू येते का पाहिले. काही नाही. नुसती उघडझाप. मग तो तिच्या घोट्याला टेकून आडवा जाहला आणि हलायचा थांबला.

तिने इकडे तिकडे पाहिले. मग हुकूम मोडून त्यास उचलिला, पदराआड धरिला आणि अंगठ्याने कल्ला उघडिला. तपकिरी. चिखलावानी.

तिला समजले की ते नाम नव्हते आणि मुजराही नव्हता. इतके दिवस ते जीव एकच मागत होते की बाई, फळी उचल, बाई, फळी उचल, आणि ती त्यांच्यापुढे बसून माळ ओढीत होती. तिने मंडपाकडे पाहिले. सरकार गादीवर, निळोपंत बाजूस, दोहो अंगांस मानकरी, सर्वांची तोंडे एकदम उघडत आणि एकदम मिटत. पाण्यातही तसेच. दुरून पाहणाऱ्यास कळू नये की कोण पाण्यातला आणि कोण बाहेरचा. विचारावे तर कोणास विचारावे? आणि आत्याबाई म्हणाल्याच होत्या, कुणाला इचारत बसू नको.

मग तिने तो रोहू पायरीवर तुळशीच्या पानावर निजविला आणि हात जोडून म्हणाली, "तुला पुरते मागनं. आधी ह्येंचं बघते." त्या दिवशी फूल सोडिले नाही. घरी गेली, भाकरी टोपल्यात झाकून ठेविली, कोपऱ्यातली लोखंडी पहार घेतली, पदर कमरेस खोचिला आणि माघारी आली. धोंडजीने तिला पाहिले. ओरडण्यास तोंड उघडिले, आणि ते नुसतेच उघडे राहिले. मग त्याने हळूच वाट सोडिली. मथूबाई पायरी उतरली, मग दुसरी, मग छातीइतक्या पाण्यात. मासे बाजूस सरेनात, तिच्या भोवती तोंडे वर करून तसेच उभे राहिले, आणि त्यांच्यामधून वाट काढीत ती मंडपाच्या खांबांकडे, गादीखालच्या काळोखाकडे चालली.

एवंच त्या राज्याचे वर्तमान त्या सकाळी ऐसे की सरकार वर बसले होते, नदी पाटात थांबली होती, दोहोंमध्ये एक सागवानी फळी होती, आणि एक उपाशी बाई तिजकडे निघाली होती. लेखनसीमा.