पेन्शनरक्षणार्थ वेर्नाबाईंची स्वारी

किल्ले आणि तख्ते ह्यांपायी आजवर लेखण्या बहुत झिजल्या. परंतु प्रांत ओहायो, शहर टोलेडो, नदीपलीकडील हंगेरियन पेठेत मणक्याने जायबंदी बाई आणि क्रेडिट कार्डाचे वसुलीवाले ह्यांचा जो संग्राम जाहला, तो कोणी लिहिला नाही. सबब लिहावयास घेतला. वाचणारांनी गांभीर्य राखावे. न राखवल्यास माफी असे.

वेर्नाबाई कोव्हाच ह्या शाळेच्या मुदपाकखान्याच्या मुख्य. पातेली उचलता उचलता मणका निकामी जाहला, नोकरी गेली, आणि अपंगत्वाची पेन्शन मंजूर करावयास सरकारास दोन वर्षे लागली, आणि तोवर भाडे, औषधे, हीटर, सर्व मोहीम कार्डावर चालली. कार्ड म्हणजे मोठे लबाड सरदार. देताना मुजरा, घेताना तलवार. मग पेन्शन सुरू जाहली, ती व्याजासही पुरेना. मग कर्टिस नामे वसुली-सरदार रोज फोनाच्या तोफा डागू लागला, की पैका भरा, नाहीतर पेन्शन जप्त करू. बाई भयाने औषधाची गोळी अर्धी मोडून खाऊ लागल्या, आणि फोन फ्रीजरात वाटाण्याच्या पिशवीखाली कैद केला.

हे वर्तमान शेजारीण इलोनाबाई साबो ह्यांस कळले. ह्यांचा एक पाय नकली, परंतु जीभ अस्सल.

"अगं वेर्ना, फोन गोठवला म्हणून व्याज गोठतं का? चल, फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांकडे जाऊ."

"आणि पेन्शन नेलीच तर?"

"तर माझ्या सोफ्यावर ये झोपायला. फक्त घोरू नकोस, बाई!"

मग उभय सरदारणी आपापल्या बॅटरीच्या तिचाकी गाड्यांवर आरूढ जाहल्या आणि कूच केले. रेल्वेच्या रुळांवर पोचतात तो वेर्नाबाईंच्या वाहनाने ऐन रुळामध्ये प्राण सोडला, आणि फाटकाची घंटा वाजू लागली, आणि दुरून मालगाडी भोंगा देत निघाली. मग इलोनाबाईंनी आपल्या गळ्याचा विणलेला मफलर दोन्ही वाहनांस बांधला आणि मागील वाहन ओढून काढले. मफलर दुपटीने लांबला, परंतु तुटला नाही. मालगाडी मागून गेली तेव्हा दोघी पलीकडे एकमेकींस शिव्या देत सुखरूप होत्या.

तसेच ओढत कचेरी गाठली; तेथे वकील डेनीसबाईंनी कागद पाहून निवाडा दिला, की अपंगत्वाची ही पेन्शन कार्डवाल्यांस जप्त करता येत नाही; तशी धमकी देणे हेच बेकायदा; फोन नकोत असे लेखी कळवावे, म्हणजे ते बंद होतील; कर्ज मात्र अंगावर राहील. हे ऐकोन वेर्नाबाईंस रडू कोसळले, आणि इलोनाबाईंनी पुसावयास तोच लांबलेला मफलर पुढे केला.

घरी येऊन बाईंनी कैद्यास बाहेर काढले. पुसतात न पुसतात तो वाजला.

"मॅडम, आज भरताय, की पेन्शन जप्त करू?"

"कर ना! वकीलबाई म्हणाल्या, तुझ्या बापालाही जमणार नाही. न्यायचीच असेल तर माझी गाडी ने. रुळापर्यंत छान चालते."

मग सरदार कर्टिस हळू आवाजात बोलते जाहले.

"मॅडम, एक विचारू? माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिचा पेन्शनचा अर्ज दोनदा फेटाळला. आणि तिलाही... असेच फोन येतात. ह्या वकीलबाई खरंच फुकट बघतात का?"

इलोनाबाईंनी खुणेने फोन आपटण्याची मसलत दिली. वेर्नाबाईंनी ती अमान्य केली.

"आधी सॉरी म्हण."

"सॉरी, मॅडम."

"हं. आता पेन घे, पत्ता सांगते. आणि आईला म्हणावं, येताना रुळांवरून येऊ नका."

येणेप्रमाणे पेन्शन अबाधित राहिली, कर्ज होते तेथेच राहिले, आणि गनिमाची मातोश्री आपले पक्षास येऊन मिळाली. फत्ते जाहली, ती नोंदली असे.