गाडीला लावायची माती

सासऱ्यांच्या गाडीला थोरल्या जावयाने आठ वर्षांत एकदाही हात लावला नव्हता. हौस नव्हती असं नाही, कोणी लावू दिला नव्हता. "मागे बसा जावईबापू, आणि दार हळू लावा," एवढाच काय तो त्याचा गाडीशी संबंध. पण महिन्यापूर्वी सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, गाडी एका ड्रायव्हरने जावयाच्या दारात आणून लावली आणि सासऱ्यांनी जाहीर केलं, "आता मी चालवणं बंद. रविवारी येतो, नव्या डोळ्यांनी गाडी बघतो आणि कोणाला द्यायची ते ठरवतो."

कोणाला म्हणजे थोरल्याला की धाकट्याला. धाकटा जावई गोड बोलण्यात पटाईत. थोरल्याला ते काही जमत नसे, म्हणून त्याने गाडी चमकवायची ठरवली. रविवारी सकाळीच त्याने ओळखीच्या रंगाऱ्याला गॅरेजात फोन लावला.

"आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवा," रंगारी म्हणाला. "मग दोन बादल्या घ्या. एक साबणाची, एक फडकं खळबळायची. धुवून झालं की माती फिरवायची. मग पॉलिश, मग मेण."

"माती?"

"हो, माती. ओली करून अलगद फिरवा. त्याशिवाय रंगात रुतलेला कचरा निघत नाही."

जावयाला हे लगेच पटलं. पूर्वी भांडीसुद्धा माती लावूनच घासत, आणि कशी लख्ख निघत! त्याने गाडी धुतली, बायकोची सगळ्यात मोठी कुंडी उपसली आणि माती गाळायला बसला.

"अहो, ती माझी चहाची गाळणी आहे," बायको दारातून म्हणाली.

"खडा राहिला तर रंगाला ओरखडे पडतील."

"आणि चहाला माती लागेल त्याचं काय?" तिने गाळणी हिसकावून नेली. उरलेली माती मग त्याने तशीच कालवली.

बॉनेटवरून हात फिरवताच करकर आवाज आला. कचरा निघतोय, असं समजून त्याने आणखी जोर लावला. पाणी ओतलं तेव्हा निळ्या रंगावर पांढुरकी वर्तुळं उमटली होती. माती राहिली असेल म्हणून त्याने भांड्यांची घासणी घेतली, आणि वर्तुळं दुप्पट झाली. पॉलिश लावलं, तर ती रस्त्यावरूनही दिसायला लागली. त्याने घाबरून पुन्हा फोन केला.

"अहो साहेब, ती माती म्हणजे वडी असते, दुकानात डबीत मिळते," रंगारी म्हणाला. "तुम्ही कुठली लावलीत?"

"कुंडीतली."

"शेणखत घातलेली?" रंगाऱ्याने हळूच विचारलं.

तेवढ्यात सासरे फाटकातून आत आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी बॉनेट पाहिलं, मग एकेक दार पाहिलं, टपावर वाकून पाहिलं. गाडी तर गेलीच, आता आठ वर्षं मिळालेली मागे बसायची परवानगीही जाणार होती.

"सगळीकडे ओरखडे आहेत," सासरे खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "बारा वर्षं रोज कोरड्या फडक्याने पुसली मी. दिसत नव्हतं, म्हणून जोर लावून पुसायचो. तुम्हाला दिसत होतं?"

दारांवरचे जुने ओरखडे जावयाला खरोखरच दिसत होते. "हो," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "धाकटा दर खेपेला म्हणायचा, बाबा, गाडी अगदी आरसा आहे आरसा. लबाड लेकाचा." त्यांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली. जावयाने हात पुढे नेला, तोच सासरे वायपरकडे वाकले आणि त्याखालून काहीतरी चिमटीत धरून वर उचललं. ते वळवळत होतं.

"हे गांडूळ माझ्या फडक्यातलं नाही," सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी बॉनेटवरच्या वर्तुळांकडे पाहिलं, मग उपसलेल्या कुंडीकडे. त्यांना सगळंच स्वच्छ दिसत होतं.

"म्हणजे दारांची माती मी केली आणि बॉनेटची तुम्ही," ते म्हणाले. "धाकट्याला यातलं काही कळता कामा नये." मग त्यांनी जावयाच्या एका तळव्यावर किल्ली ठेवली आणि दुसऱ्यावर गांडूळ.

"आधी याला घरी पोचवा. मग मला."