शेवटच्या बाकावरची मालकीण

"अहो, पुन्हा पेपरला खिडकी पाडलीत?" बायकोने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्याच्या भोकातून नवऱ्याकडे बघितलं. "मागच्या बाजूला माझं शब्दकोडं होतं. चहा टाकायला उठले, तेवढ्यात कात्री चालवलीत!"

"अर्धं शिल्लक आहे की," मास्तर बूट घालता घालता म्हणाले.

"आडवे शब्द राहिलेत. उभे सगळे तुमच्या खिशात!"

पण मास्तरांचा तरी काय इलाज? कॉलेजात ते व्यवस्थापन शिकवायचे आणि त्यांचा नियम एकच होता, बातमी आजची हवी. कालची बातमी म्हणजे शिळ्या कढीला ऊत. रोज सकाळी व्यापाराच्या पानावरून एक बातमी कापायची, ती वर्गात वाचायची आणि सगळ्या वर्गाचीच कंपनी करून टाकायची. कोणी मालक, कोणी मॅनेजर, कोणी कामगार. भांडा आता! माणसं एके ठिकाणी कामाला लागली की कशी वागतात, हे पुस्तक वाचून कळत नाही, एकमेकांच्या अंगावर धावून गेलं की कळतं, असं त्यांचं म्हणणं. पोरं या तासावर जीव टाकायची. कॉलेजभर त्यांना बातमीमास्तर हेच नाव पडलं होतं आणि मनातून ते त्यांना आवडायचंही.

आवडत नव्हतं ते फक्त प्राचार्यांना. "व्यवस्थापन म्हणजे व्याख्या, मास्तर," आदल्या दिवशी त्यांनी बोलावून सुनावलं होतं. "व्याख्या पाठ, परीक्षा पास. तुमच्या तासाला नुसता आरडाओरडा. उद्या मी स्वतः येऊन बसतो. पटलं नाही, तर सोमवारपासून हा तमाशा बंद. पुस्तक उघडायचं आणि पहिल्या पानापासून वाचायचं."

सुरुवातीची कितीतरी वर्षं मास्तरांनी पुस्तकच वाचून दाखवलं होतं. एकदा तर वाचता वाचता त्यांनाच डुलकी लागली होती, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण वर्गात जागं कोणी नव्हतंच. पुन्हा त्या दिवसांत जायचं? छे! त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी, असं त्यांना खरोखरच वाटलं.

आजची बातमी मात्र झकास होती. एका मोठ्या साबण कंपनीने एक छोटी साबण कंपनी विकत घेतली होती, आणि छोटीच्या ऑफिसातली निम्मी माणसं आता जाणार होती. मास्तरांनी वर्गाला बजावलं, "आज प्राचार्य येणार आहेत. तेही सामील झाले, तर बिचकू नका. आणि ओरडू नका रे बाबांनो. कामगारांनी माना खाली घालून बसायचं. नवी मालकीण पहिल्यांदाच ऑफिसात आली आहे. कोण होतंय मालकीण?"

प्राचार्य येणार म्हटल्यावर सगळ्यांनी शेपूट घातलं. शेवटी शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. त्या मुलीने वर्षभरात 'हजर'शिवाय तोंडातून शब्द काढला नव्हता. घरी मात्र तिला चार धाकटी भावंडं होती, त्यामुळे कारभार तिला नवा नव्हता. ती आली, थेट मास्तरांच्या खुर्चीत बसली आणि तिने पायावर पाय टाकला. जुना मॅनेजर व्हायला कोणी धजेना, म्हणून मास्तर स्वतःच तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"हे सगळं आता आमचं आहे," मुलगी म्हणाली. "निम्मी माणसं शुक्रवारी घरी जातील. कोण काम करतं आणि कोण नुसती खुर्ची उबवतं, ते मी बरेच दिवस बघतेय."

"मॅडम, जुनी माणसं आहेत हो," मास्तर काकुळतीला आले. "त्यांच्या पोटावर पाय देऊ नका."

"मग काम दाखवा. रडगाणं नको."

एरवी या तासाला दार घट्ट लावलेलं असे. आज प्राचार्यांसाठी मास्तरांनी ते सताड उघडं ठेवलं होतं. आणि त्या उघड्या दारात, परीक्षेची सूचना हातात घेऊन, ऑफिसातल्या हेडक्लार्कबाई उभ्या होत्या. मास्तर हात जोडून उभे, पोरगी खुर्चीत, आणि अख्खा वर्ग माना खाली घालून चिडीचूप! बाईंनी सूचना तशीच छातीशी धरली आणि त्या उलट्या पावली सुटल्या.

पुढचं मास्तरांना फार उशिरा कळलं. बाई आधी गेल्या वाचनालयात.

"अहो, कॉलेज विकलं!"

"काय सांगता?" ग्रंथपाल उठूनच उभे राहिले. "कोणाला?"

"त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या घरच्यांना! वर्षभर विद्यार्थिनी म्हणून बसली होती हो, आपल्यावर नजर ठेवून! शुक्रवारी निम्म्यांना नारळ देणार."

"अरे देवा! परवाच तिला जेवणाची सुट्टी आहे म्हणून हाकललं मी."

"मग त्यात काय बिघडलं?"

"सकाळचे अकरा वाजले होते!"

ग्रंथपालांनी शिडी काढली आणि धूळ झटकायला घेतली. त्यांना शिडीवर बघून शिपाई हादरला, कारण ती शिडी कुठे असते हेच आजवर कोणाला माहीत नव्हतं. त्याने जिन्यावरचा गळका नळ स्वतःच्या हाताने आवळला. नळ बंद झालेला बघून हिशेबनीसांनी झोपायची उशी कपाटात दडवली. राईचा पर्वत होत होत बातमी प्राचार्यांच्या खोलीपर्यंत पोचली, तेव्हा ते वर्गावर निघण्यासाठी कोट चढवत होते.

"सर, नव्या मालकीणबाई आल्यात. मास्तरांच्या वर्गात बसल्यात."

"कॉलेज विकलं? आणि मलाच कोणी सांगितलं नाही?"

"सर," हेडक्लार्कबाई हळूच म्हणाल्या, "ज्याला काढायचं, त्याला आधी कोण सांगतं?"

प्राचार्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. कोटाची बटणं चुकीच्या काजांत अडकवत ते वर्गात शिरले. मुलीला वाटलं, वा, सरही खेळात आले! ती जागची हलली नाही.

"या. कोण आपण?"

"मी... प्राचार्य, मॅडम."

"उशीर झाला तुम्हाला."

"पुन्हा होणार नाही, मॅडम."

मास्तरांना वाटलं, संपलं सगळं, आता सोमवारपासून पान पहिलं! त्यांनी मुलीला डोळ्यांनी खूप खुणावलं, पण कारभार हातात आलेली मोठी बहीण कोणाला ऐकते?

"तुमचं काम नक्की काय असतं?" तिने विचारलं.

"मी सह्या करतो," प्राचार्य म्हणाले. मग कपाळावरचा घाम पुसून, "म्हणजे, कोणी सही मागायला आलं की त्याला उद्या या म्हणतो."

"आणि या मास्तरांबद्दल तुमचं मत काय?"

प्राचार्यांनी मास्तरांकडे पाहिलं. हा माणूस मालकिणीच्या इतक्या जवळ उभा, म्हणजे आतल्या गोटातला! "अतिशय गुणी शिक्षक," ते घाईने म्हणाले. "यांचा हा तास रोज व्हायला हवा, असं मी नेहमीच म्हणतो."

"नेहमी?"

"आजपासून."

इतक्यात घंटा झाली आणि वर्गाने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पोरांनी प्राचार्यांभोवती गराडा घातला. "सर, काय काम केलंत!" "सर, घाम तर अगदी खरा आणलात!" मुलगी खुर्चीतून ताडकन उठली. तिचा आवाज पुन्हा 'हजर'एवढा झाला. "सर, माफ करा हं. मालकीण म्हणून जरा जास्तच बोलले का?"

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'साबण कंपनीची विक्री'. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. तो लालपणा आणि ती चुकलेली बटणं बघून मास्तरांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. हसू इतकं दाटून आलं की त्यांना खोकल्याचा आधार घ्यावा लागला.

"सरांनी तर मलाही चकवलं!" खोकला आवरून ते वर्गाला म्हणाले. "इतका चांगला अभिनय करतात, कधी बोललेच नाहीत."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे असं काही कृतज्ञतेने बघितलं की मास्तरांनाच भरून आलं. मग त्यांनी छाती पुढे काढली. "अरे, मग काय! लहानपणापासून नाद आहे मला."

पोरं बाहेर पडली, तसे दोघं व्हरांड्यात आले.

"मास्तर, तो तास रोज व्हावा, असं मी बोललो का हो? सगळ्यांसमोर?"

"बोललात, सर."

"हं. मग घ्या रोज." ते चार पावलं गेले आणि थबकले. वाचनालयाच्या दारातून धुळीचा लोट बाहेर येत होता. शिपाई गुणगुणत जिना पुसत होता. हेडक्लार्कबाई एका विद्यार्थ्याला चक्क म्हणत होत्या, "बस ना बाळा, आत्ता देते तुझा दाखला."

"यांना सांगू का, सर, खरं काय ते?" मास्तरांनी विचारलं.

प्राचार्यांनी तो देखावा डोळे भरून पाहिला.

"कशाला घाई?" ते म्हणाले. "दोन-चार दिवस राहू दे कॉलेज विकलेलं."